विहिरीतले चार ड्रम

गिरडच्या रस्त्यावर आमच्या शेतात एक जुनी विहीर आहे. बोअर झाल्यापासून कोरडी. मार्चमध्ये वर अडतीस अंश असताना तिच्या तळाशी सव्वीस होते. थर्मामीटर मीच दोरीने सोडला होता आणि दादाला म्हटलं होतं, "ड्रम इथंच ठेवू."

दादा, म्हणजे प्रेमदास, माझा थोरला भाऊ. तीन एकर कपाशी मोडून त्याने वाइनची द्राक्षं लावली होती. नाशिककडच्या एका कारखान्याने कळवलं होतं, इकडच्या द्राक्षाची वाइन कशी होते ते आधी चाखू, मग करार. नमुना कोणीतरी करायला हवा होता, आणि मी हिंगणघाटला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून ड्रम कुणाच्या नजरेस पडायला नकोत. रस तापला तर वाइन बिघडते, म्हणून थंडावा हवा. विहिरीने दोन्ही भागत होतं.

"मास्तरीणबाई दारू गाळून राह्यली," जिजावहिनी म्हणायची. "पोलीस आले तं मी आधी तुलेच दाखवीन."

"दाखव न," दादा म्हणायचा. "तिले जेलात फळा भेटला म्हणजे झालं."

द्राक्षाच्या साली वर तरंगतात. त्या दिवसातून दोनदा काठीने खाली दाबाव्या लागतात. त्यासाठी दादा लोखंडी शिडीने विहिरीत उतरायचा. उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. आमचे बाबा विहिरी खोदायचे, त्यांची ती पद्धत. कंदील विझला तर उतरायचं नाही. पहिला आठवडा एकच ड्रम होता. मग उरलेला माल तोडला आणि चार झाले.

त्या रविवारी सकाळी मी बांधावरून दादाला पाहिलं. त्याने कंदील सोडला, वाकून पाहिलं आणि तो उतरला. विझला नाही म्हणजे हवा ठीक, एवढं मनाशी म्हणून मी रसातली साखर मोजायला बसले.

दहा मिनिटांनी रुपेशची, दादाच्या मुलाची, हाक आली. मी काठावर पोचले तेव्हा दादा दोन ड्रमांच्या मधे कुशीवर पडला होता. शेजारी कंदील. उजेड पांढरा, जराही न हलणारा. चार्जिंगचा होता तो. रेशनवर रॉकेल बंद होऊन किती वर्षं झाली, हे मला ठाऊक होतं.

रुपेशने शिडीवर पाय ठेवला. "चक्कर आली बाबाले. मी आणतो."

"उतरू नको. खाली हवा नाही."

"दिवा तं जळून राह्यला!"

"बॅटरीवर आहे तो. त्याला हवा लागत नाही."

तो थांबला नाही. मी त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला मागे पाडलं आणि अंगावर पडले. सव्वीस वर्षांचा जवान मुलगा. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं.

"सोड मले, आत्या! तुया भाऊ हाय न तो!"

"तू गेला तर तूही वर येणार नाही."

शेजारच्या वावरातला शुभम धावत आला. त्याला मी ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर आणायला पिटाळलं. रुपेशला दाबून धरलं असतानाच माझ्या डोक्यात आकडे येत होते. एक लिटर रस आंबला की पन्नासेक लिटर कार्बन डायऑक्साइड वायू. चार ड्रमांतल्या आठशे लिटरांचा, ह्या विहिरीत, अठरा फुटांचा थर. हवेपेक्षा जड. हे समीकरण मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

शुभमला ट्रॅक्टर आणून विहिरीत वारा मारायला वीस मिनिटं लागली. मग दोरीला पेटती चिंधी बांधून सोडली. तळाशीही ती जळत राहिली, तेव्हा मी रुपेशला सोडलं. त्याने आणि शुभमने दादाला दोरीने वर घेतलं. नाडी नव्हती. तरी मी छाती दाबत राहिले, शुभमने माझे हात धरेपर्यंत.

वहिनी घरून आली तेव्हा दादा कडुनिंबाखाली होता. ती रडली नाही. त्याच्या पायावरची माती पदराने पुसत तिने विचारलं, "काय होतं आत?"

मी सांगितलं. वायू कुठून येतो, तळाशी का साचतो. वर्गात सांगते तसंच सांगितलं, मला दुसरं येत नाही.

"हे तुले आज समजलं, का पह्यलेच ठाऊक होतं?"

"आधीच ठाऊक होतं, वहिनी."

रुपेश माझ्याजवळ बसला होता. वहिनीने त्याचा हात धरून त्याला उठवलं आणि आपल्या पलीकडे नेऊन बसवलं.