देवमाशाची फॅट

विजयसिंहला गावच्या दूध संस्थेचं चेअरमन व्हायचं होतं. संचालकांत त्याच्या बाजूला एकच माणूस जास्त होता, आणि असा माणूस गावात ठेवला तर सकाळपर्यंत दुसऱ्याचा होतो. म्हणून रिवाजाप्रमाणे त्यानं आपले सगळे संचालक गाडीत घातले, फोन काढून घेतले आणि कळस गावाहून थेट गुहागरच्या समुद्राकाठी नेऊन ठेवले. तिथं कुणाचं मन रमेना. एवढं पाणी असून उसाला उपयोग नाही, यावरच चर्चा चालायची.

मतदान दुपारी होतं. पहाटे निघायच्या आधी संचालकांतले म्हातारे गेणबा तात्या पाय धुवायला गेले, ते परतलेच नाहीत. विरोधकांनी होडीतून पळवले की काय, म्हणून विजयसिंह धावत सुटला. तात्या जागेवरच होते. त्यांच्यापुढं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढं देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं होतं, आणि एक संचालक त्याची शेपटी पिरगाळायला बघत होता. बसलेली म्हैस तशीच उठते.

कोळ्यांनी बोलावलेल्या वनखात्याच्या सुप्रिया मॅडमनी आल्या आल्या त्या संचालकाला बाजूला केलं. शेपटी ओढायची नाही, डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी जाऊ द्यायचं नाही, दुपारी भरती येईपर्यंत अंग ओलं ठेवायचं, असं त्यांनी बजावलं. विजयसिंहनं ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगितलं. मासाच तो, त्याचं मॅडम बघतील, असं त्याचं म्हणणं.

"मासा नाही," मॅडम म्हणाल्या. "आईचं दूध पितं हे."

दूध म्हटल्यावर गाडीत बसलेलेही खाली उतरले.

"फॅट किती लागती?" तात्यांनी विचारलं.

"चाळीस टक्क्यांच्या आसपास."

गावात म्हशीला दहा लागली तर डेअरीवाला आधी यंत्रावर संशय घेतो, मग माणसावर. एका संचालकानं नकळत डोक्यावरची टोपी काढली.

विजयसिंहनं तात्यांना बाजूला घेतलं आणि नरसिंहपूरच्या देवापुढं मतासाठी घेतलेल्या शपथेची आठवण दिली.

"देवाची समजूत मी काढीन, विजयसिंहराव," तात्या म्हणाले. "पर बसलेलं वासरू टाकून गेलो तर उद्या गोठ्यात कुठल्या तोंडानं जाऊ?"

तात्यांशिवाय गाडी नेऊन उपयोग नव्हता. मॅडमना ओलं करून पसरायला कापड हवं होतं. गाडीत विजयाच्या सत्कारासाठी टॉवेल-टोप्यांचं गाठोडं होतं, ते सुटलं. शेवटी विजयसिंहचा स्वतःचा गुलाबी फेटा तेवढा उरला. पिल्लाच्या पाठीचा एक पट्टा उन्हात कोरडा पडत होता. त्यानं इकडंतिकडं बघितलं, फेटा खाऱ्या पाण्यात बुचकळला आणि पसरला. आता चेअरमन कोण, हे लांबूनही कळत होतं.

भरती आली. कापडं काढली, कोळ्यांच्या होड्या पुढं आणि संचालक मंडळ कमरेएवढ्या पाण्यात मागं, असं करत पिल्लू खोल पाण्यात गेलं. आभाराचं भाषण त्यानं केलं नाही. त्याच वेळी गावात विरोधकांचा गुलाल उधळला जात होता.

दुसऱ्या दिवशी विरोधकांचे नवे चेअरमन मुद्दाम डेअरीवर येऊन थांबले होते. एवढी सगळी मतं गेली कुठं, असं त्यांनी हसत विचारलं. विजयसिंहनं दुधाची किटली खाली ठेवली.

"वासरू बसलं होतं. उठवत होतो."

नव्या चेअरमनचं हसू जागीच राहिलं. अशा कारणाला गावात कुणी नावं ठेवत नाही.

"उठलं का मग?"

"उठलं."

"कुणाचं वं?"

विजयसिंहनं मागं किटली घेऊन उभ्या असलेल्या गेणबा तात्यांकडं बघितलं. तात्यांनी आपलं दूध मापात ओतलं.

"हाय एक चाळीस फॅटवाली," ते म्हणाले. "पर ती आपल्या डेअरीला घालत न्हाय."