कॉफीच्या डब्यातला नांगर

मित्रांनो, मी एक जुना नांगर आहे. शेतातला नव्हे, होडीचा. पण म्हणून मी लोखंडी टोकांचा, दिमाखदार वगैरे असेन असं समजू नका. कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात ओतलेलं सिमेंट आणि वर दोरी बांधायला एक कडी, एवढाच माझा थाट. सध्या माझा मुक्काम क्रुकेड लेक नावाच्या तळ्याच्या तळाशी, दोन खडकांच्या फटीत आहे. इथे कसा आलो ते ऐका.

मला आर्वोने घडवलं. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तर भागात, त्याच्या गावात, दुकानातून नांगर विकत आणणाऱ्याला लोक उधळ्या म्हणतात. डब्यातली कॉफी संपली होती, कुंपणाच्या कामातलं सिमेंट उरलं होतं, झालं! सिमेंट ओलं असतानाच त्याने त्यात अंगठा दाबला.

"ही माझी सही," तो बायकोला म्हणाला.

"सही कसली! उंदराने कुरतडलेला पाव दिसतोय," लेंपी म्हणाली. पण तिने मला उन्हात वाळत ठेवलं आणि रोज पाणीही मारलं.

होडी एका जागी थांबवणं हे माझं काम. मला नाद मात्र चौकशीचा. वर बसणाऱ्यांना नुसतं पाणी दिसतं, खाली काय दडलंय ते मला कळतं. चिखल असेल तर मी गपकन रुततो, वाळूवर अलगद टेकतो, खडीवर खडखडतो. मी टेकलो की आर्वो दोरीला दोन हलके झटके देई. "बसलास का रे?" असंच जणू विचारी. मला ते फार आवडायचं.

आमच्याकडे वॉलआय माशाचा हंगाम मे महिन्यात एका शनिवारी उघडतो आणि दुसऱ्याच दिवशी नेमका मातृदिन येतो. त्यामुळे त्या रविवारी गावातले सगळे बाप टॅमरॅक लेकवर आणि सगळ्या आया घरी! टॅमरॅक आर्वोला तोंडपाठ. गावातली पाण्याची टाकी काठावरच्या दुभंगलेल्या पाइनच्या बरोबर मागे दिसली की तिथेच तो मला सोडायचा. लोक विचारायचे, "एवढे मासे कुठे मिळाले?" तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "पाण्यात." आमच्याकडे मासे धरायची जागा बापही लेकाला सांगत नाही.

मग आर्वोच्या नजरेच्या मधोमध धुकं साचलं. कडेकडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. लेंपीचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. कुठली टाकी आणि कुठला पाइन! त्याने मला गॅरेजमधल्या खिळ्याला टांगलं आणि तो घरात जाऊन बसला. माझ्या कडीत कोळ्याने जाळं विणलं. मित्रांनो, मला त्या जाळ्याचा राग नव्हता. दोरीला झटके देणारं कुणी उरलं नाही, याचं दुःख होतं.

गेल्या वर्षीचा हंगाम उघडायला चार दिवस असताना शेजारचा डेलबर्ट येऊन होडीवर हात फिरवून गेला.

"सोमवारी ट्रेलर घेऊन ये आणि ने," आर्वो म्हणाला.

डेलबर्ट गेल्यावर लेंपी म्हणाली, "सोमवारला अवकाश आहे. आधी रविवार येतो. इतके मातृदिन तू माशांबरोबर घालवलेस ना? हा माझा. मला मासे धरायला ने."

"मी? अगं, मला गळ दिसत नाही, मासा काय दिसणार?"

"टॅमरॅकला नाही जायचं. तिथे तू काय काय दिसत नाही तेवढंच मोजत बसशील. क्रुकेड लेकला जाऊ. ते तुलाही माहीत नाही, मलाही नाही. म्हणजे दोघंही सारखेच आंधळे."

"आणि काहीच नाही मिळालं तर?"

"तर होडी डेलबर्टची. मी चकार शब्द काढणार नाही."

काळजात धस्स झालं माझ्या! होडी गेली की मीही जाणार होतो. पण खरं सांगू? नव्या तळ्याचं नाव ऐकून मला आतून गुदगुल्याही होत होत्या. तिथला तळ कसा असेल?

रविवारी सकाळी बोचरा गारठा होता. लेंपीने तळणीचा तवा, चरबीचा डबा, बटाटे आणि कांदे घेतले. एका केळ्याशिवाय दुसरं काही खायला घेतलं नाही, कारण जेवणात मासा असणारच होता. आर्वोने ते केळं मात्र तिच्या पिशवीतून काढून गाडीत ठेवलं. होडीत केळं नेलं की मासा येत नाही, यावर त्याचा ठाम विश्वास.

लेंपी वल्हवू लागली. आर्वोने मला पाण्यात सोडलं, जेमतेम तळाला लागेन इतकंच, आणि दोरी मुठीत धरली. मी तळावरून घासत निघालो. आधी मऊ काळा चिखल. मग पायात घोटाळणारं शेवाळ. मग वाळू.

"वाळू," वरून आर्वो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"दोरी सांगतेय. ओढ्याचा आवाज येतोय ना, तिकडे चल. हळू. वॉलआयला खडी आवडते."

मला केवढा आनंद झाला! मी खाली जे चाचपडत होतो, ते त्याच्या तळहातात उमटत होतं. वाळू संपली, खडी लागली, आणि मी मुद्दाम जरा जास्तच खडखडलो.

"इथे!" आर्वोने मला सोडलं आणि दोरीला दोन झटके दिले. किती दिवसांनी!

पहिला मासा तिथेच लागला. पण तो निघाला बास जातीचा, लहान तोंडाचा, तांबूस डोळ्यांचा, उड्या मारणारा. त्या दिवसांत कायद्याने बास ठेवता येत नाही, सोडून द्यावा लागतो. दुसराही बास. तिसराही.

"हे मोजायचे नाहीत," आर्वो म्हणाला.

"मोजत नाहीये. बटाट्यांकडे बघतेय," लेंपी म्हणाली.

दुपार कलली. आर्वोचा चेहरा उतरला. तेवढ्यात वारा सुटला आणि होडीने मला खडीवरून खेचलं. मी गडगडत खाली गेलो आणि खडकांत अडकलो. तिथे अंधूक उजेडात काचेसारखे डोळे चमकत होते. एक, दोन, कितीतरी! वॉलआय! मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण सिमेंटला तोंड कुठलं?

वर आर्वोने श्वास रोखला होता. "टक्," तो पुटपुटला. "बोटाला जाणवलं. लेंपी, जाळं!"

ओढाताण झाली, पाणी उडालं, आणि लेंपी किंचाळली, "वॉलआय आहे! डोळे बघ याचे, तुझ्यापेक्षा कितीतरी बरे आहेत!" आर्वो इतका हसला की मला खाली दोरीतून कळलं.

पण वारा वाढत होता, लाटा होडीत येऊ लागल्या. दोघांनी मिळून ओढलं, तरी मी हललो नाही. दोरी कापण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"थांब," लेंपी म्हणाली. "दोरीला रिकामा कॅन बांधते. तरंगत राहील, नंतर येऊन काढता येईल."

"वेडी झालीस? तो दिसला की सगळ्या जिल्ह्याला ही जागा कळेल!"

लेंपीने कॅन खाली ठेवला. मग म्हणाली, "उद्या होडी विकणाऱ्याला जागा लपवून काय करायचंय?"

आर्वोचं उत्तर मला ऐकू आलंच नाही, कारण तेवढ्यात दोरी कापली गेली आणि ती सैल होऊन माझ्या अंगावर पडली.

मित्रांनो, त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं म्हणून सांगू! उन्हाळ्यात एका बासने माझ्या कुशीत घरटं केलं आणि पिल्लं पोहती होईपर्यंत राखण केली. पुढे डोक्यावर बर्फाचं छत आलं. पण माझं चित्त कशातच लागेना. डेलबर्ट ट्रेलर घेऊन आला असेल का? आर्वो पुन्हा घरात जाऊन बसला असेल का?

बर्फ वितळलं. मग एका सकाळी ओढ्याच्या बाजूने काहीतरी तळावरून घासत येऊ लागलं. चिखलातून, शेवाळातून, वाळूवरून, अगदी सावकाश. खडीवर ते खडखडलं, घरंगळलं आणि टणकन माझ्यावर आदळलं. कॉफीचा डबा! हल्लीचे प्लास्टिकचे असतात ना, तसला. आत सिमेंट. वर दोन अंगठ्यांचे ठसे होते, एक मोठा, माझ्यावर आहे तसाच, आणि शेजारी लेंपीचा लहान.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाची नजर गेली तर त्याला कोपऱ्यात बसवून ठेवू नका. त्याच्या हातात दोरी द्या आणि तुम्ही वल्हवा.

नवा नांगर बिचारा बावरला होता. "आता काय करायचं?" त्याने विचारलं.

"थांब जरा," मी म्हणालो. "तो तुला विचारेल."

आणि दोरीला दोन झटके बसले.