हंसाकाकीचे तिरपे तास

शीला मॅडमनी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी प्रत्येकाला एकेक शब्द शोधायला सांगितला होता. त्याचा अर्थ काय, तो आला कुठून. मी बेधडक ‘तिरपं’ घेतला. कारण त्या जूनमध्ये, २००६ साली, आर्णीजवळच्या आमच्या तांड्यात हा शब्द दिवसातून दहादा कानावर यायचा, तोही माझ्या हंसाकाकीवरून.

काकीचं वावर टेकडीच्या उतारावर. मागच्या वर्षी एकाच पावसात तिची सरकी नाल्यात वाहून गेली होती. यंदा तिच्याकडे एका पेरणीपुरतंच बी होतं. सुनीलकाका यवतमाळला जिनिंगवर कामाला. मग काकीनं एकटीनं ठरवलं की तास, म्हणजे पेरणीच्या चऱ्या, उतारावरून सरळ खाली पाडायचे नाहीत, उताराला आडवे, वळत वळत न्यायचे.

आता आमच्याकडे माणूस ओळखतात तो त्याच्या तासावरून. पेरणीला लोक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहतात आणि कुणाचा तास वाकला की वर्षभर चिडवतात. बैल आमचे, म्हणजे तास पाडणार माझे बाबा, देवसिंग. त्यांचा तास दोरी लावल्यासारखा सरळ. ते तयार झाले, पण तोंड आंबट करून. त्यात काकी धाकट्या भावाची बायको. तिनं मोठ्या दिरासमोर पदर ओढायचा, बोलायचं नाही. चौदा वर्षांत एक शब्द नाही. निरोप मी पोचवायचे, आणि खरं सांगते, त्यात माझंही थोडं घालायचे.

काकी दोन वर्षं पुण्याला बांधकामावर होती. तिथं गवंडी नळीत पाणी भरून पातळी बघतात, ते तिनं हेरून ठेवलं होतं. नळीचं एक टोक माझ्या काठीला, दुसरं तिच्या. दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीवर आलं की चुन्याची चिमूट टाकायची. दुपारपर्यंत टेकडीवर पांढऱ्या रेघाच रेघा. शाळेत चार बुकं शिकलेल्या कुणालाही हे सुचलं नव्हतं!

मी तिला शब्दकोशातलं सांगत होते. ‘तिरपं’ बहुतेक ‘तिर्यक्’वरून आलं, म्हणजे आडवं जाणारं. तिरकस, तिरळा त्याच घरातले. पूर्वी जनावरांनाही तिर्यक् म्हणत, कारण ती पाठ आडवी ठेवून चालतात.

आम्ही बंजारा, घरी गोरबोली बोलतो, इथे मराठीत लिहिते. काकी म्हणाली, “मंग बैलाईले हे आपसूकच जमाले पाह्यजे.”

बैलांनाच जमलं नाही. सवय सरळची. वळण आलं की बैलही सरळ आणि बाबांचा हातही सरळ. पहिला तास चुन्यापासून हातभर सरकला, दुसरा दोन हात. मागून शेजारच्या बेबीताई आणि इतर बाया त्यातच बी टोबत, म्हणजे बोटानं मातीत खोचत होत्या.

धुऱ्यावरून तांड्यातल्या किसनसिंगमामांनी विचारलं, “देवसिंग, पेरून राह्यला का जिलेबी पाडून राह्यला?”

सगळे हसले. बाबांचे कान लाल झाले आणि तिसरा तास नाल्याकडे वळला. काकीनं मला निरोप दिला. मी ओरडले. त्यांना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही. बेबीताईंच्या ओटीतलं बी कमी होत होतं.

तेव्हा काकी पदर तसाच ठेवून चालत गेली आणि बैलांसमोर उभी राहिली.

“दादा, बैल थांबवा. चुन्यावरून चाला. हे बी गेलं तं मायाजवळ दुसरं नाही.”

बाबा जमिनीकडे बघत होते. “अंजू, हिले सांग,” असं सुरू करून ते थांबले. मग थेट तिलाच म्हणाले, “चुना मले इथून दिसत नाही. तू पुढं चाल.”

काकी पुढे, मागे बैल, मागे बाबा. प्रत्येक वळणाला ती हात करायची आणि बाबा कासरा ओढायचे. माझी काकी वावराला वळण लावते आहे, असं मला वाटत होतं, आणि मी उगाच ताठ चालत होते.

नवव्या दिवशी धो धो पाऊस झाला. सकाळी जाऊन बघतो तर तासातासात पाणी अडून उभं, आणि काठावर दोन-दोन पानांची रोपं. फक्त पहिल्या तीन तासांतलं बी वाहून गेलं होतं. काकीच्या बियाण्याच्या पिशवीच्या तळाशी मूठभर उरलं होतं. टोबणं म्हणजे बायांचं काम, पण बाबांनी ते बी काकीकडून मागून घेतलं, गुडघ्यावर बसले आणि त्या जागा स्वतः भरल्या.