खोबऱ्याचा तुकडा

सारिकाने एकदा काही मनावर घेतलं की तिला कोण आवरणार! लेकीच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने बिस्किटांचे डबे माळ्यावर टाकले, केळ्यांचा घड शेजारच्या शेवंतीकाकीकडे पोचवला आणि सकाळी घरात गॅससुद्धा पेटू दिला नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोट रिकामं हवं. भुलीत असताना पोटातलं वर येऊन छातीत गेलं तर जिवावर बेतेल. हे तिने घरात सगळ्यांना बसवून सांगितलं. सासऱ्यांना, म्हणजे महादूआजोबांना, पुन्हा वेगळं सांगितलं. ते "व्हय गो व्हय" म्हणाले.

ऑपरेशन तसं लहानच. प्राजूची बेंबी फुगायची; रडली, खोकली की लिंबाएवढी बाहेर यायची. टाके घालून संध्याकाळी घरी न्या, म्हणाले होते. पण शिमग्यात एकदा ती बाहेर आली ती आत जाईचना. पोर कळांनी लोळत होती, आणि कुडाळला पोचेपर्यंत सारिकाचा जीव अर्धा झाला. डॉक्टरांनी हलक्या हाताने ती आत सारली नि म्हणाले, "पुन्हा अडकली तर एवढा वेळ मिळेलच असं नाही." लहान मुलांचे सर्जन गोव्याहून महिन्यातून एकदाच यायचे. नवरा बोटीवर, कुठल्या समुद्रात ते त्यालाच ठाऊक. सगळा भार हिच्या एकटीच्या डोक्यावर.

आणि पोरीची तयारी तरी किती करून घेतली होती! बाहुलीच्या पोटाला पट्टी बांधून झाली. नाकावर वाटी धरून भुलीचा खेळ तर रोजचाच. वाटी आली की डोळे मिटायचे आणि फुलाचा वास घेतल्यासारखा लांब श्वास घ्यायचा. त्या दिवशी प्राजूने पाण्याचा घोटही मागितला नाही. कुडाळच्या वाटेवर कसाल गाव मागे पडलं तरी रिक्षात आजोबांच्या मांडीवर गप्प बसून होती.

"सकाळपासून काही खाल्लं नाही ना?" सिस्टरने विचारलं.

"काही नाही," सारिका ठामपणे म्हणाली. प्राजूनेही शहाण्यासारखी मान हलवली आणि सिस्टरचं बोट धरून आत गेली. दार लागलं.

सारिका बाकावर बसली. आजोबा मात्र अगदी निर्धास्त.

"भिया नको गो," ते म्हणाले. "तू आंघोळीक गेल्लंस तेवां तिका रवळनाथाच्या देवळात घेवन गेल्लंय. नारळ ठेवन गाऱ्हाणा घातलंय. प्रसादय खाल्ल्यान पोरीन, अर्धी वाटी खोबरा आणि गूळ."

"खाल्ल्यान?"

"मगे? जेच्यासाटी गाऱ्हाणा, तेणां प्रसाद खावक होयो. नायतर देवापर्यंत पोचात कसा?" सुनेचं तोंड पाहून ते चाचरले. "देवाचो प्रसाद तो. खाणा थोडाच?"

सारिका उठली ती थेट दारावर. दोन्ही हातांनी दार बडवत सुटली. "भूल देऊ नका. तिने खाल्लंय. ऐका कुणीतरी." दार जाड, आतून बंद. मागून कुणी ओरडलं, बाई, इथे थांबू नका. ती कुठली हलते! आत मास्क पुढे आला असेल, आणि पोर, आईने शिकवलेली गुणी पोर, डोळे मिटून लांब श्वास घेत असेल. दुसऱ्या कुणाचं पोर निदान रडून धिंगाणा तरी घालेल. ही नाही घालायची. सारिकाला स्वतःचाच भयंकर राग आला.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, तिचं ऐकलं, तसेच आत धावले. परत आले तेव्हा त्यांनी कपाळ पुसलं.

"मास्क हातात होता. थोडक्यात वाचली. आज नाही करता येणार, पुढच्या महिन्यात या."

"संध्याकाळी नाही का होणार?"

"दुपारी सर्जन परत जातात."

"आणि तोवर अडकली तर?"

"तर लगेच घेऊन या," डॉक्टर म्हणाले. एवढंच. यापलीकडे त्यांच्याही हातात काही नव्हतं.

आजोबा हात जोडून पुढे आले. मालवणी सोडून साहेबांच्या मराठीत म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. पोरीला कशाला शिक्षा?" डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते निघून गेले.

मग स्ट्रेचरवरून प्राजू आली. उताणी पडलेली, तोंडभर हसत.

"झाला, आई? माका कायेक दुखूक नाय." तिने गाऊनवरून पोटावर हात फिरवला. "बघ, गेली."

उताणं निजल्यावर बेंबी नेहमीच आत जायची. आजोबांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते.

घरी जायचं म्हणून प्राजू हसत हसत उठून बसली, आणि गाऊनखाली बेंबी पुन्हा वर आली. पोरीने तिथे हात लावला. मग आईकडे बघितलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "माझ्याकडसून काय चुकला?"