अत्यंत समाधानी

"खाजाभाई, ही कोण पुनम? नाक कापलं की हिनं आपलं!" प्राचार्यांनी कागद टेबलावर आपटला.

अभिप्राय-पत्रकांनुसार एकशे तेरापैकी एकशे बारा विद्यार्थी ऑनलाइन शिक्षणाबद्दल 'अत्यंत समाधानी' होते. असणारच. कुठं खूण करायची, हे वर्गशिक्षकांनीच ग्रुपवर कळवलं होतं. फक्त किनवटकडच्या पुनमनं 'असमाधानी' निवडून खाली लिहिलं होतं, 'वर्षभरात एकाही सरांनी माझं नाव घेतलं नाही. मी वर्गात आहे की नाही, मलाच कळत नाही.'

"पोरगी खोटं न्हाई बोलून राहिली, साहेब," खाजाभाई म्हणाले. "रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून बसती. आवाज तुटला की च्याटमधी 'हजर' लिहिती. सर बघतच न्हाईत, मीच बघतो."

"म्हणजे गैरहजरच. तिची हजेरी तुम्हीच चढवता ना रजिस्टरला? काढून टाका. पंचाहत्तर टक्के भरत नाहीत, परीक्षेचा फॉर्म आपोआप थांबेल." प्राचार्य हसले. "नाहीतर हा कागद दुरुस्त करा. शुक्रवारी कॉलेज तपासायला समिती येतेय."

खाजाभाई भूकंपानंतरच्या साली लातूरच्या या कॉलेजात कारकून म्हणून लागले. तेव्हा एखादं पोर दोन दिवस आलं नाही, तर तेव्हाचे प्राचार्य त्यांना त्याच्या गावी पाठवायचे. पुढं शिकवण्यांचं पीक आलं, पोरांचे नुसते आकडे झाले. आता तर आकड्यांनाही तोंड उरलं नव्हतं. खाजाभाईंना स्वतःची चीड आली. तरी त्यांनी खूण बदलली आणि खालच्या दोन ओळी पुसल्या. एक वर्ष वाया गेलं असतं पोरीचं.

दुसऱ्या दिवशी पुनमचा फोन आला.

"चाचा, फॉर्म निघाला माझा! आन् मी लिव्हलं ते वाचलं का कुणी?"

"हाव बेटा. खुद्द प्राचार्यांनी वाचलं."

"मला वाटलंच न्हवतं! घरचे म्हणत होते, कशाला लिव्हती, कोण वाचतंय. आता आमच्याकडच्या समद्या पोरींला सांगते, खरं खरं लिव्हा म्हणून. सांगू नं?"

खाजाभाईंनी समोरचा दुरुस्त केलेला कागद पालथा घातला.

"सांग," ते म्हणाले, आणि फोन ठेवून समितीसाठी एकशे तेरा कागदांची फाईल बांधायला बसले.