वितळणारं आणि वितळलेलं

सांगलीजवळच्या, लोखंड ओतणाऱ्या एका फाउंड्रीत भाग्यश्री ऑफिस सांभाळायची. तिचं इंग्रजी बरं, म्हणून बाहेर जाणारा प्रत्येक कागद तिच्याच हातून जायचा. ओतकामावरचा मल्हार भाजला त्या दिवशीही मॅनेजर विश्वजित सरांनी तिलाच दवाखान्यात पिटाळलं. "जबाब घेऊन ये. हेड ऑफिसला इंग्रजीतच लागतो."

मल्हार आटपाडीकडचा. कमरेखाली नुसतं बँडेज. बोलताना धाप लागत होती. "वितळल्यालं लोखंड पायावर आलं, ताई," एवढंच तो दोनदा म्हणाला. भाग्यश्रीनं घाईत 'मेल्टिंग आयर्न' असं लिहिलं, खाली त्याचा अंगठा घेतला आणि बाहेर जिन्यात येऊन बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी विश्वजित सरांनी लिहिलेला अपघाताचा रिपोर्ट तिच्यापुढं टाइपाला आला. कामगार परवानगी नसताना भट्टीवर चढला, असं त्यात होतं.

"सर, तो भट्टीपाशी नव्हताच. लोखंडाच्या रसानं भरलेलं लॅडल घेऊन साच्याकडं निघाला होता. लॅडलला चीर होती म्हणतो त्याच्या जोडीचा आकाराम."

"तूच लिहिलंयस ना, मेल्टिंग? म्हणजे अजून वितळतंय ते. वितळतं कुठं? भट्टीत. ओतून घेतलेलं असतं तर मोल्टन लिहिलं असतंस."

वितळलेलं लोणी मेल्टेड, वितळलेला धातू मोल्टन, वितळत असलेलं ते मेल्टिंग. शाळेपासून तिला हे पाठ होतं.

"चूक माझी आहे, सर. मी दुरुस्त करते."

"अंगठा पडलाय त्याच्यावर. आता हात लावायचा नाही."

ती तशीच स्कूटी काढून दवाखान्यात गेली. मल्हारला पुन्हा विचारायचं, नर्ससमोर नवा जबाब घ्यायचा. वॉर्डात त्याची खाट रिकामी होती. पहाटेच गेला होता तो. बायको, रंगुबाई, शवागाराबाहेर भिंतीला टेकून बसली होती.

"आवं ताई, सायेब म्हणत्यात, त्येंचीच चूक. नगं तितं चढलं म्हणं. खरं हाय व्हय?"

"नाही, वैनी. ते बरोबर बोलले होते. मी चुकीचं लिहिलं."

रंगुबाईनं तोंडावर पदर घेऊन भिंतीकडं मान फिरवली.

भाग्यश्रीनं त्याच दुपारी कारखाना निरीक्षकांकडं आपली चूक लिहून दिली. चौकशी झाली, पण चीर पडलेलं लॅडल तोवर तुकडे होऊन भट्टीत गेलं होतं, आणि आकारामनं काही पाहिलंच नाही असं सांगितलं. तिच्या अर्जावर शेरा पडला: मयताच्या जबाबाशी विसंगत.

महिन्याभरानं तिला कामावरून काढलं. जाण्याआधी तिनं अर्जाची एक प्रत मराठीत लिहिली आणि आटपाडीला रंगुबाईच्या पत्त्यावर धाडली. तिचं उत्तर आलं नाही.