उमरेडले आधी कोण पोचलं

हल्ली आमच्या सूनबाई रोज सकाळी मोबाइलवर एक काटा फिरवून घरातल्या नेटचा वेग मोजतात. काटा खाली पडला की कंपनीचा उद्धार, वर चढला की आम्हाला चहा. मी आपला गप्प असतो. कारण वेग मोजायचं खरं काम नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीनं बाहत्तर सालीच करून ठेवलंय. तेव्हा काटा नव्हता, यस्टी होती.

गल्लीतला पहिला फोन रुपराव पौनीकरांचा. साड्यांचे व्यापारी. अर्ज केला तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. फोन बसवायला आलेल्या माणसानं त्यांना ‘आजोबा’ म्हटलं. त्या काळ्या डबड्यावर भरतकामाचा रुमाल पडला, आणि साऱ्या गल्लीनं आपापल्या पत्त्याखाली रुपरावांचा नंबर छापून घेतला. न्हाव्यानंसुद्धा. कुणाचाही फोन आला तरी रुपराव ओसरीवरून हाक मारत, आणि साबण लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून न्हावी पळत येई. कुणाला त्याचं काही वाटत नसे. तसे दिवस होते.

बोलायचा एक नियम होता. गाव जितकं लांब, तितका आवाज मोठा. सीताबर्डीशी साध्या सुरात, कामठीशी छाती फुगवून, आणि मुंबईशी बोलायचं तर रुपराव आधी केळी खाऊन घेत. “तार लांब रायते गा,” ते समजावत, “रेटा द्याच लागते.”

शेजारच्या यमुताईंची उत्तरा लग्नाची होती. उमरेडच्या चंपतरावांचा अनंत तिला पाहून गेला, आणि त्या दिवसापासून पोरगी कुणी न विचारता उमरेडच्या यस्टीच्या वेळा सांगू लागली. चंपतरावांचा निरोप होता: रविवारी दुपारपर्यंत होकार कळवा, नाहीतर आपली मुलगी सांगायला भंडाऱ्याची मंडळी येऊन बसणारच आहेत. यमुताई आठवडाभर ‘विचार करून राहिले’ म्हणत राहिल्या. एकुलती लेक, दूर कशी धाडायची! रविवारी एकदाची मान हलली, तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

“नत्थू, पळ गा,” त्या भावाला म्हणाल्या, “यस्टी पकड.”

“माणूस काहून धाडता?” रुपराव ओसरीवरून गरजले. “फोन काय लोणचं घालाले घेतला मी? इजेच्या वेगानं जाते आवाज! हा नत्थ्या दिघोरी नाक्यावर पोचत नाई तं होकार उमरेडात!”

“मागच्या खेपी तुमच्या फोनाले इथली इतवारी नाई लागली, भाऊजी,” यमुताई म्हणाल्या. “दोन्ही होऊ द्या. पाहू कोण आधी पोचते ते.”

झालं! गल्लीत दोन तट पडले. नत्थू टोपी घालून सुटला. रुपरावांनी चंपतरावांच्या सुताच्या दुकानाचा ट्रंक कॉल लावायला सांगितला. साधा नाही, अर्जंट नाही, थेट लाइटनिंग, म्हणजे विजेचा. मग सगळे फोनभोवती बसलो. चहा झाला, पोहे झाले. फोन गप्प.

“लाइटनिंगच सांगतली ना?” यमुताईंनी विचारलं.

“ढग जमून राहिले असन,” न्हावी म्हणाला.

कुणी हसलं, कुणी नाही. उत्तरा दाराशी उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

नत्थू तिकडे केव्हाच पोचला होता. पण आमच्याकडे मुलीकडचा माणूस आपणहून विषय काढत नाही. ‘कसं येणं केलं?’ हे यजमानानं विचारायचं. आणि चंपतराव विचारीनात, कारण मुलाकडच्यांनी उतावीळ दिसू नये. तेव्हा दोघे दुकानामागच्या अंगणात बसून संत्र्यांवर बोलत होते. आंबिया बहार झाला, मृग बहार झाला, पान झालं. फाटकात भंडाऱ्याची मंडळी चपला काढत होती.

इकडे घंटी वाजली. “उमरेड बोलिए!” ऑपरेटरीण म्हणाली. रुपरावांनी दणकून श्वास घेतला, आणि पोह्यातला शेंगदाणा त्यांच्या घशात अडकला. त्यांनी रिसीव्हर यमुताईंकडे दिला. यमुताईंनी तो उलटा धरला. उत्तरानं झडप घालून घेतला.

“हॅलो, मी अनंत—” आणि पुढे शांतता.

उत्तराला वाटलं, तार लांब आहे, रेटा द्यायलाच हवा.

“मले पसंत हायेऽऽऽ!”

“अवं पोट्टे, हळू! लोक काय म्हणतीन!”

“आई, उमरेड हाये ते!” म्हणून तिनं पुन्हा रेटा दिला. महालातली कबुतरं उडाली ती थेट सक्करदऱ्याला जाऊन बसली. मी स्वतः पाहिली.

मग ऑपरेटरीण म्हणाली, “बहनजी, लाइन तो ‘हॅलो’ के बाद ही कट गई थी. अब शाम तक नहीं लगेगी.”

दुपारचा भोंगा वाजला, मुदत सरली. उत्तरानं रिसीव्हर ठेवून त्यावर रुमाल घातला. त्या दिवशी गल्लीत कुणाच्या घरी भाकरी नीट गेली नाही.

दिवे लागताना नत्थू आला. कपाळाला कुंकू, हातात नारळ.

“होकार देल्ला ना गा?” यमुताई धावल्या.

“मी कुठं देल्ला? मी तं अजून संत्र्यावरच होतो. एकदम आभाळातून आवाज आला, ‘मले पसंत हाये!’ भंडाऱ्याचे लोक आल्या पावली चपला घालून निंघाले. चंपतराव म्हणे, सून बोलली, आता मी काहून गप्प राहू? अन् थो अनंत! फोन टाकून आंगणात आला, नागपूरकडे तोंड केलं अन् वरडला, ‘मलेयी!’ तुमाले इथं नाई आयकू आलं?”

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. कुणालाच नव्हतं आलं.

“मले आलं,” उत्तरा म्हणाली, आणि नारळ घेऊन आत गेली.